बसऱ्याचा बिल्ला

आमच्या मोशीच्या सोसायटीतले कोंडिबाअण्णा दूध आणायलाही छातीवर पदक लावून जातात. तेही उजव्या बाजूला. डावी बाजू लढलेल्याची, उजवी त्याच्या वारसाची, हे दूधवाल्यालाही आता पाठ आहे. पदक त्यांच्या आज्याचं. पहिल्या महायुद्धात आजा बसऱ्याला लढला, आणि जिंकलेल्या सगळ्या दोस्त राष्ट्रांनी आपापल्या शिपायांना एकाच इंद्रधनुषी फितीची पदकं दिली. अण्णा त्याला बिल्ला म्हणतात.

"फीत समद्यांना येकच," हे अण्णांचं पालुपद. बी विंगला टँकरचं पाणी कमी आलं, तेव्हा मीटिंगमध्ये त्यांनी इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान अशी यादी म्हटली आणि ए विंगला जाब विचारला. चेअरमन कपाळाला हात लावून बसले. पाणी मात्र दुसऱ्या दिवसापासून सारखं येऊ लागलं.

गेल्या वर्षी गावठाणात त्या लढाईला गेलेल्यांच्या नावांची शिळा बसवायचं ठरलं. आज्याचं नाव तिच्यावर यावं म्हणून अण्णांनी समितीचा पिच्छा पुरवला. कागद एकही नव्हता, पण पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं, तेवढ्यावर समिती तयार होती. मी भिंग घेऊन बसलो. कड साफ गुळगुळीत होती.

दर खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर बिल्लाही पूजेत बसायचा. त्याआधी अण्णांची बायको, आमच्या काकू, तो चिंच आणि राखेने घासायच्या, तांब्यापितळेच्या भांड्यांसारखा. चाळीस वर्षं. आज्याचं नाव चिंचेबरोबर मोरीत वाहून गेलं होतं. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण काकूंना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

तोडगा मीच काढला. चाकणला आमच्या कंपनीत पार्टवर नंबर कोरायचं लेझर मशीन आहे. नाव खरंच होतं, तेव्हा पुन्हा कोरण्यात खोटं काही नव्हतं. गेटपास काढून अण्णांना आत नेलं. मशीनपाशी ते बराच वेळ कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ते म्हणाले. "आज्याला म्या कंदी बगितलंबी न्हाई."

शिळा बसली, आज्याच्या नावाशिवाय. अण्णा उद्घाटनाला आले नाहीत.

यंदा खंडेनवमीला त्यांच्याकडे गेलो. घरात ते एकटेच. पूजेत कोयता चकचकीत होता आणि बिल्ला पार काळा पडलेला. मला राहवलं नाही. चिंच आहे का घरात, मी घासून देतो, म्हणालो.

"नगं," अण्णा म्हणाले. "त्येच्यावर शेवटचा हात तिचा हाय."