खुनी कोण ते नंतर

"हे बघ गंधाली, मी काय कुणाचंही ऐकणार नाही. खून सांगायला मला जरा बरं माणूस पाहिजे!"

मुलुंडच्या माणिकताई पेडणेकरांनी लेकीला ठणकावलं. यजमान जाऊन चार महिने झाले होते. दोघं मिळून टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघायची आणि खुनी कोण यावर कचाकचा भांडायची. आता एकटीने टीव्ही लावणं ताईंच्या जिवावर यायचं. म्हणून लेकीने इअरफोन आणून दिले. "पॉडकास्ट ऐक आई, कामं करता करता."

ताई निवडायला बसल्या ते थेट जावई शोधल्यासारख्या! पहिल्या पॉडकास्टातले दोघे मेलेल्या माणसावर खिदळत होते. नापास! दुसरा रक्ताच्या थारोळ्यातून उठून मध्येच गाद्यांची जाहिरात करायचा. "मेल्या, तुझ्या घरचं कुणी गेलंय का कधी?" नापास! तिसरी बाई मात्र हळू बोलायची. गेलेल्या पोरीला काय आवडायचं, तिच्या आईला तिचे कपडे अजून का देववत नाहीत, हे आधी सांगायची. ताई आपल्या कपाटाकडे बघत राहिल्या. हिला ठेवून घेतलं.

दुपारी त्या भाजी चिरत ऐकायला बसल्या आणि सवयीने सुरूच झाल्या. कानात इअरफोन, त्यामुळे आवाज दुप्पट!

"अहो, दिरानेच मारलं तिला! विहिरीत टाकली! बोला ना, गप्प काय बसलात?"

शेजारच्या लताने हे ऐकलं आणि तिच्या हातातली कपबशीच पडली. तिने बेल वाजवली, दार बडवलं. आतून उत्तर आलं, "सुरी धुऊन ठेवली असणार!"

झालं! लताने वॉचमनला हाक मारली, सेक्रेटरीला उठवलं, गंधालीला फोन केला. "लवकर ये गं! आईच्या घरात कुणालातरी मारलंय!"

गंधाली भांडुपहून रिक्षाने तडक आली. तिच्या किल्लीने दार उघडलं आणि सगळी वरात आत घुसली. ताई सुरीसकट किंचाळल्या. वॉचमन त्यांच्याहून मोठ्याने किंचाळला आणि चपलांच्या स्टँडवर चढला!

"काय झालं? कोण गेलं?" ताईंनी इअरफोन काढत विचारलं.

"आई, तू कुणाशी बोलत होतीस?"

ताईंनी सुरी खाली ठेवली. "ह्यांच्याशी."

वॉचमन गुपचूप खाली उतरला. सेक्रेटरी पंख्याकडे बघायला लागले.

"रोज नाही गं बोलत," ताई पुटपुटल्या. "आज विसरले. ते नाहीत हेच विसरले. आणि बघ ना, उत्तराची वाट बघत होते."

लता तोंडाला पदर लावून बाहेर गेली. बाकीचेही एकेक करून निघाले. गंधाली फरशीवर आईला खेटून बसली. बराच वेळ दोघी रडल्या. मग तिने एक इअरफोन उचलून आपल्या कानात घातला.

"बाबा काय म्हणाले असते गं?"

"ते? ड्रायव्हर!" ताईंनी नाक पुसलं. "दर वेळी त्यांना ड्रायव्हरच वाटायचा. आणि या बिचारीकडे तर गाडीच नव्हती!"