भरल्या ओटीची शर्यत

एका जंगलातून, मुलांनो, परका सिंह नुकताच निघून गेला होता. जंगल स्वतंत्र झालं होतं. त्यामुळे रोज कसली ना कसली समिती निघत होती.

एका समितीने अखिल जंगल महिला धावस्पर्धा भरवली. जी जिंकेल ती समुद्रापलीकडच्या जंगलात धावायला जाणार होती.

भिवरा नावाची हरिणी वर्षभर नदीकाठी धावत होती. तिच्या आईने बजावलं होतं, "यंदा जिंकलीस तर ठीक. नाहीतर बोहल्यावर उभं राहायचं. कळलं?"

स्पर्धेचा दिवस उजाडला. शालीनता म्हणून समितीने सगळ्या धावपटूंना लुगडी नेसवली. अध्यक्ष रानरेडे आबासाहेब स्त्रीशक्तीवर इतकं बोलले, की पंच दोनदा झोपून उठले.

मग आबासाहेबांना आठवलं, "अरे, या तर आपल्या माहेरवाशिणी! ओटी भरल्याशिवाय पाठवायच्या?"

त्यांच्या पत्नी माईसाहेब तबक घेऊन आल्या. प्रत्येकीच्या पदरात तांदूळ, खण आणि नारळ पडला.

भिवरा म्हणाली, "माई, हे इथे ठेवून धावू का?"

"अगं बाई! भरली ओटी भुईवर ठेवतात होय?"

"मग धावू कशी?"

"सांभाळून!"

शिट्टी वाजली. कोल्हीण पदर आवळून तुरुतुरु निघाली. मागे तांदळाची रांगोळी पडत गेली. सशीण नारळासकट आपटली. भिवराच्या गुडघ्यावर नारळ ठकठक बसत होता. समोर फीत दिसत होती. फितीमागे आई उभी होती.

भिवराने पदर सोडला.

नारळ दगडावर फुटला. पण तोवर फीत तिच्या छातीवर होती. जंगलातल्या साऱ्या माद्या ओरडल्या, "भिवरे, जिंकलीस गं!"

समिती बसली. समिती उठली. आबासाहेबांनी निकाल वाचला, "भिवरा वेगात पहिली. परंतु ओटी सांडल्यामुळे बाद. बाकीच्यांचीही सांडली. संपूर्ण मैदानात ओटी शाबूत आहे ती फक्त एकीची."

सगळ्यांनी वळून पाहिलं. माईसाहेब सुरुवातीच्या रेघेवर तबक धरून उभ्या होत्या.

"अहो, मी तर हललेसुद्धा नाही," त्या लाजून म्हणाल्या.

"म्हणूनच!" आबासाहेब म्हणाले.

माईसाहेब समुद्रापलीकडे गेल्या. एकट्या बाईमाणसाला कसं पाठवायचं, म्हणून आबासाहेबही गेले. समितीही गेली.

मैदान रिकामं झालं. भिवरा खाली मान घालून म्हणाली, "आई, आता बोहला ना?"

आईने फुटक्या नारळाची शकलं गोळा केली. एक लेकीच्या तोंडात घातलं.

"शुभकार्याआधी नारळ फोडतातच," ती म्हणाली. "तुझा फुटलाय. उद्या पहाटे लवकर ऊठ, नदीकाठी धावायला जायचंय. आणि ते लुगडं इकडे दे, पायपुसणी करते."

तात्पर्य: शर्यत जिंकायची असेल तर जागचं हलू नये. मुलींनो, हे नीट पाठ करा, परीक्षेत विचारतील. मैदानावर मात्र विसरून जा.