पात्राची जवळून पाहणी

एका जंगलात टिक्या नावाच्या खारीच्या पोराने सगळ्यांना विचारलं, "साकव तुटला कसा?" कोणी उत्तर दिलं नाही. बाळांनो, तुम्हीही देऊ नका. असल्या प्रश्नांना उत्तरं न देणारेच पुढे मोठे होतात.

झालं असं, की नदीवरचा वेलींचा साकव अस्वलाने बांधला. अस्वल ठेकेदार होतं, आणि शाळा समितीचं अध्यक्षही. उद्घाटनाची बातमी आणायला शाळेची बातमीदार म्हणून टिक्याची थोरली बहीण झुंबर गेली. मधोमध पोचली आणि वेल तुटली. झुंबर वाहून गेली.

टिक्याने शाळा पहिलीतच सोडली होती, तीही गुरुजींना चावून. पण दुसऱ्या सकाळी तो परिपाठाला जाऊन बसला. प्रार्थना झाली. सुविचार झाला. मग बगळे गुरुजींनी लिहून दिलेली बातमी पोपटाने वाचली, "काल कुमारी झुंबर हिने नदीच्या पात्राची जवळून पाहणी केली."

टाळ्या वाजल्या.

"ओ गुरुजी!" टिक्या ओरडला. "मेली ती! वेल कुजकी होती, ते लिहा की!"

"हळू बोल रे, अध्यक्ष बसलेत," गुरुजी म्हणाले. "पत्रकारिता कशी शिकवायची याचं प्रशिक्षण घेतलंय मी. चहा-बिस्किटांसकट. कोण, कुठे, केव्हा एवढंच शाळेत शिकवायचं. का आणि कसं, ते मोठ्या वर्गाला."

"मोठा वर्ग कुठाय?"

"मंजूर व्हायचाय. शिवाय ज्याची बातमी, त्याला आधी दाखवावी लागते. अध्यक्षांना दाखवली. आवडली त्यांना."

"बातमी माझ्या ताईची होती. तिला दाखवली?"

गुरुजींनी पाय बदलला.

तेवढ्यात अस्वल उठलं. "तीच वेल गाठ मारून पुन्हा बांधलीय. आज सगळी शाळा साकवावरून सहलीला जाईल. गुरुजी, बातमी?"

"तयार आहे साहेब. सहल सुखरूप परतली."

पोरं जोडीजोडीने निघाली. टिक्या त्यांच्या पायांमधून सुसाट पुढे पळाला. काठावरच्या झाडावर चढला आणि साकवाची वेल कुरतडू लागला. पोरं पोचेपर्यंत अर्धा साकव पाण्यात लोंबत होता.

"ए दात्या! आमची सहल घालवलीस!" पोरं भोकाड पसरून त्याला दगड मारू लागली.

टिक्याने ढुंगण त्यांच्याकडे केलं आणि दुसरी वेल कुरतडायला घेतली.

तात्पर्य : पत्रकारिता शिकवायला शिक्षकांचं अक्षर वळणदार हवं आणि अध्यक्षांची आवडनिवड त्यांना पाठ हवी. उरलेल्या शंकांसाठी विद्यार्थ्यांनी दात घरून आणावेत.