पंढरीनाथ ठसा तपासतात

राजेंद्र नगरातल्या त्या घरात बेकार दोन होते. वडील पंढरीनाथ मिल बंद पडल्यामुळे, आणि मुलगा सुशांत रात्रंदिवस काम करूनही. ते काम फुकट होतं, म्हणून पंढरीनाथ त्याला काम म्हणायला तयार नव्हते. परदेशातले काही लोक मिळून कॉम्प्युटरची एक नवी भाषा बनवत होते आणि त्या भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार अवजारांत सुशांतला आपलं एक अवजार घुसवायचं होतं.

"पण ते करतं काय?" शैलजाबाईंनी विचारलं.

"आई, कुठलाही मजकूर दे, ते त्याचा एक ठसा काढून देतं. मजकुरात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की आख्खा ठसा बदलतो. आणि ठशावरून मजकूर काही परत मिळत नाही."

"म्हणजे मिक्सरच की. चटणीतनं खोबरं कुठे परत मिळतं?"

वर्षभराच्या मेहनतीची इतकी सोपी व्याख्या ऐकून सुशांत जरा खट्टू झाला. पण त्या दिवशी रुसायला वेळ नव्हता. परदेशी मंडळींची अट होती की दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्याच्या हातून टाइप करून ठसा जुळला पाहिजे. संध्याकाळपर्यंत जुळला तर ठीक, नाहीतर हे वर्ष गेलं. मित्र सगळे पुण्याला पळालेले. उरले बाबा. मिलच्या टाइम ऑफिसात त्यांनी जन्मभर टाइपिंग केलेलं.

"बाबा, जयेश भियाच्या सायबर कॅफेत जाल? ही फ्लॉपी लावायची, या चिठ्ठीवरची ओळ टाइप करायची आणि येईल तो ठसा मला फोनवर सांगायचा. बस."

पंढरीनाथांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मिल सुटल्यापासून तो कपाटातच होता.

थोड्या वेळानं फोन आला. "लिही. सात. बी, बडोद्याचा. नऊ. एफ, फॅक्टरीचा..."

"थांबा बाबा. माझ्याकडे पहिलाच आकडा तीन आहे."

"मग तुझा चुकला असेल. मी आख्ख्या मिलची हजेरी लिहिलीय, काय समजलास?"

पुन्हा टाइप करून झालं, पुन्हा बडोदा आणि फॅक्टरी. प्रोग्रॅममध्येच खोट असणार, या समजुतीनं सुशांतनं चांगला चालणारा कोड उसवायला घेतला. इकडचं तिकडे करून नवी फ्लॉपी शेजाऱ्याच्या हाती कॅफेत धाडली. आता दोन्हीकडचे ठसे बदलले, पण जुळेचनात. शैलजाबाईंनी मॉनिटरवर लिंबू-मिरची टांगली. ती नेमकी स्क्रीनच्या मधोमध लोंबायला लागली, तशी सुशांतनं मान तिरकी करून आणखी काहीबाही मोडलं. दुपार टळली. शेवटी त्यानं स्कूटरला किक मारली आणि तडक कॅफे गाठला.

पंढरीनाथ खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी हात जोडले, वरच्या ओळीत मधोमध 'श्री' टाइप केलं, एक ओळ सोडली आणि मग चिठ्ठीतली ओळ टाइप करायला सुरुवात केली.

"बाबा! हे श्री कशाला?"

"कशाला म्हणजे? श्री न लिहिता सुरुवात करू? अरे, संपाची नोटीससुद्धा आम्ही श्री लिहूनच काढायचो."

"बरोबर आहे अंकलजींचं," जयेश गल्ल्यावरून म्हणाला. "शुभ काम है भिया!"

"अहो, पण चिठ्ठीत ते आहे का? सकाळधरनं मी डोकं फोडतोय! आणि तुमच्या मिलचं तरी त्या श्रीनं काय..."

सुशांतनं जीभ चावली. पंढरीनाथांनी नुसता चष्मा काढून पुसला. सुशांतला स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा, श्री राहू द्या," तो हळूच म्हणाला. "चूक माझीच. चिठ्ठीत वर श्री मीच लिहायला हवं होतं. आता पहिलीच फ्लॉपी लावा आणि तसंच टाइप करा."

घरी जाऊन त्यानं सगळी मोडतोड निस्तरून मूळचा कोड परत आणला आणि स्वतःही वर तसंच मधोमध श्री घालून एक ओळ सोडली. फोन वाजला. सात. बडोदा. नऊ. फॅक्टरी. शेवटच्या अक्षरापर्यंत ठसा जुळला, तसा सुशांत इतक्या जोरात ओरडला की लिंबू-मिरची खाली पडली.

अवजार स्वीकारलं गेलं. सुशांतचं नाव लागलं, आणि त्याखाली तपासनीस म्हणून पंढरीनाथांचंही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला इस्त्रीचा शर्ट घालून पंढरीनाथ त्याच्या उशाशी उभे.

"चल, आज काय तपासायचंय?"

काहीच नव्हतं. पण बाबांचा चेहरा असा उजळलेला सुशांतनं फार दिवसांत पाहिला नव्हता.

"आहे ना," तो डोळे चोळत म्हणाला. "एक नवीन ठसा आहे. दुपारपर्यंत देतो."

मग त्याच्यामागून आणखी एक आला, आणखी एक आला, आणि प्रत्येकाचं अवजार सुशांत परदेशी मंडळींना धाडत गेला. शेवटी परदेशातून अगदी सभ्य भाषेत विचारणा झाली, 'एका भाषेला ठशांची इतकी अवजारं कशासाठी? मागणी नेमकी कोणाची आहे?'

सुशांतनं ती बाबांना मराठीत वाचून दाखवली. वाटलं, आता तरी ते हसतील आणि घरी बसतील.

पंढरीनाथ गंभीर झाले. "सांभाळून राहा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "हेड ऑफिसनं आम्हालाही अस्संच विचारलं होतं, इतकं कापड कशाला म्हणून. तू आपला माल काढत राहा. गेटला टाळं लागता कामा नये."

सुशांतनं मुकाट्यानं पुढचा ठसा लिहायला घेतला.