गुलाब्याचा खुराक

बंगळूरला नोकरी धरली म्हणून बाप रागावला, आणि बाप रागावला म्हणून क्रांतीनं दोन आठवडे अबोला धरला. तो मोडला निघायच्या दिवशी, तोही एका काचेच्या टाकीपायी. "आबा, माझ्या गुलाब्याला तेवढं सांभाळा," ती म्हणाली. हंबीररावांचा जीव भांड्यात पडला. पोरीनं काहीतरी विश्वासानं हातात दिलं होतं.

गुलाब्या म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल. मासा म्हणावं तर चार पाय, पाल म्हणावी तर मुक्काम कायम पाण्यात. वीतभर लांबी, गुलाबी अंग, मानेशी झिपऱ्यांसारखे कल्ले आणि तोंडावर न मावळणारं हसू.

"दोन दिवसांआड एक-दोन गांडुळं घाला," क्रांतीनं बजावलं. "बदल म्हणून कधीतरी कोळंबीचा तुकडा. जास्त घालायचं नाही हां, आबा."

हंबीररावांची हयात तालमीत गेलेली. पोरांचा खुराक ठरवणं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी त्यातलं 'बदल' तेवढं मनावर घेतलं. 'जास्त नाही' हे त्यांच्या तालमीत कुणी कधी बोललंच नव्हतं.

त्यातून गुलाब्याला एक खोड होती. टाकीजवळ कुणीही गेलं की तो काचेशी येऊन आ करायचा. त्याचं ते हसरं, उघडं तोंड बघून हंबीररावांना तो भुकेला वाटायचा. "दोन दिवसांआड? पैलवान हाय का कैदी?" असं पुटपुटत ते पहाटेच परसातली गांडुळं उकरून आणू लागले. पुढं त्यात कोळंबी आली. मग एके दिवशी उगाळलेल्या बदामाची गोळीही पाण्यात पडली. टाकीची पार थंडाई झाली. हे सगळं बायकोच्या चोरून चाललं होतं, कारण ती ओरडली असती.

धोंडुबाई ओरडल्या नसत्या. त्या स्वतःच दुपारी, नवऱ्याचा डोळा लागला की, उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे टाकीत सोडत होत्या. संध्याकाळी शेजारचा जोतीराम आपलं चिकनचं दुकान बंद करून यायचा आणि खिडकीतून हात घालून कलेजीचा तुकडा टाकायचा. ह्या घरात मुक्या जिवाकडं कुणाचं लक्ष नाही, असं तिघांचंही ठाम मत होतं.

बुधवारी क्रांतीचा फोन आला. "शनिवारी येतोय मी, आबा. गुलाब्या बरा हाय न्हवं?"

"झकास हाय की!" म्हणत हंबीरराव टाकीकडं वळले, आणि त्यांनी घाईघाईनं फोन बंद केला. गुलाब्या टम्म फुगून, पोट वर करून तरंगत होता. तशातही तोंडावरचं हसू तेवढं शाबूत होतं.

"म्या फकस्त अंडं घातलं वो," धोंडुबाई रडकुंडीला आल्या.

"तू बी?" हंबीरराव ओरडले.

"आणि मी कलेजी," खिडकीतून जोतीराम हळूच म्हणाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी टाकीत वाकून बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "म्हैस असती तर नळी घातली असती. ह्येचं पाणी बदला आणि शनिवारपतूर उपाशी ठेवा. कायबी घालायचं न्हाय. आधी ह्यो बदाम कुणी घातला ते सांगा."

हंबीररावांनी बादली आणून मुकाट पाणी बदललं. त्यांनी टाकीशेजारी खुर्ची मांडली आणि पहारा सुरू केला. दुसऱ्या दिवशी नव्या पाण्यात गुलाब्याला जरा हुशारी आली आणि त्यानं पुन्हा आ केला. हंबीररावांनी तोंड फिरवून घेतलं. ताटावर बसले तरी ते न जेवताच उठून परत खुर्चीवर यायचे. ह्याचं काही बरंवाईट झालं तर पोरगी परत अबोला धरील, आणि आता ती समोरच्या खोलीत नाही, बंगळुरात आहे, हाच विचार त्यांना सुखानं बसू देईना.

शनिवारी सकाळी क्रांती आली ती थेट टाकीपाशी. गुलाब्या तळाशी चार पायांवर नीट उभा होता. तिनं पुढं केलेलं गांडूळ त्यानं चटकन गिळलं. क्रांतीनं वळून बापाकडं बघितलं.

"आबा, तुमची गालफडं का बसलीत?"

मग मात्र सगळं बाहेर पडलं. गांडुळं, अंडं, कलेजी आणि शेवटी बदामसुद्धा. "त्यो उपाशी हुता, मग मी कसा जेवू?" हंबीरराव खाली बघत म्हणाले.

"तू गेलीस आन् घरात खायाला घालायला कोण ऱ्हायलंच न्हाय गं," धोंडुबाई म्हणाल्या.

रागावायचं म्हणून कमरेवर ठेवलेले हात क्रांतीनं खाली घेतले. तिचे डोळे भरून आले.

दुपारी पंगत बसली. डावीकडून धोंडुबाईंनी भाकरी टाकली, उजवीकडून हंबीररावांनी तांबड्या रश्श्याची पळी ओतली, समोरून जोतीरामनं कलेजीची वाटी सरकवली. ताट काठोकाठ भरलं. "बास!" म्हणायला क्रांतीनं तोंड उघडलं.

"बघा, आ केलाय पोरीनं," हंबीरराव गहिवरून म्हणाले. "भुकेली हाय. वाढा!"

क्रांतीनं टाकीकडं बघितलं. गुलाब्या काचेशी येऊन हसत होता. तिनं तोंड मिटलं आणि वाटी पुढं केली.