निकितासचा खरा नातू

दोन बॅगा, बायको एव्हदोकिया आणि तोंड फुगवून बसलेली पंधरा वर्षांची सेवास्ती, एवढा लवाजमा घेऊन निकितास हार्तोफिलिस ग्रीसच्या निसिरोस बेटावरची चढण चढून वर आला, तेव्हा त्याने ठरवलेल्या खोलीच्या गॅलरीत कुणाची तरी पोहायची चड्डी वाळत होती.

घरमालकीण कालोटिना मावशी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण आवाज बोटीच्या भोंग्यासारखा.

"मावशी, ही समुद्राकडची खोली मी घेतलीय. मार्चमध्ये फोन केला होता."

"माहीत आहे की. आधी फेब्रुवारीत केलास, मग मार्चमध्ये परत केलास. म्हटलं, अथेन्सला राहून पोरगा घाबरट झालाय."

"फेब्रुवारीत मी नव्हता केला."

"मग कुणी, माझ्या कोंबड्यांनी? मी विचारलं, तू कुणाचा रे? म्हणालास, निकितासचा नातू, निकितास. दोन्ही वेळेला तेच म्हणालास."

तेवढ्यात चड्डीचा मालक गॅलरीत आला. तोच रुंद जबडा, तेच टक्कल. तोही निकितास हार्तोफिलिस, रोड्स बेटावरचा बेकरीवाला, बायकापोरांसह आलेला याचा सख्खा चुलतभाऊ. सात वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

भांडण जमिनीचं नव्हतं. जमिनीचं असतं तर वकील तरी पोसले गेले असते. भांडण नावाचं होतं. आजोबांचं नाव आधी थोरल्या मुलाच्या मुलाला जायचं, ही रीत. अथेन्सचा निकितास थोरल्याचा मुलगा. पण धाकट्याचा मुलगा अकरा दिवस आधी जन्मला आणि धाकट्याने घाईघाईने बाप्तिस्मा उरकून नाव पटकावलं. थोरल्याने हट्टाने तेच नाव आपल्याही मुलाला दिलं. सात वर्षांपूर्वी आजोबांच्या अंत्ययात्रेत पुढे क्रूस धरायचा मान नावाच्या वारसाचा, म्हणून दोघांनी तो दोन बाजूंनी धरला आणि दफनभूमीपर्यंत खेचाखेची केली. आजोबांच्या खिशात फुटकी कवडी नव्हती. होतं ते एवढं नावच, आणि त्याच्यावर दोन धडधाकट माणसं गिधाडांसारखी बसली होती.

"मावशी, याला सांगा, खोली माझी आहे," अथेन्सचा म्हणाला.

"मावशी, याला सांगा, मी आधी आलोय. आधी यायची मला जन्मापासून सवय आहे," रोड्सचा म्हणाला.

"मी खोली निकितासच्या नातवाला दिलीय. खरा कोण ते तुम्ही ठरवा. मला कोंबड्या आहेत."

दोन दिवसांवर पंधरा ऑगस्ट, देवमातेची जत्रा. गावात झोपायला पायरीसुद्धा रिकामी नव्हती आणि वाऱ्यामुळे बोटी बंद. मागे मावशीची कांद्या-बदामांची कोठी होती. तिथे अथेन्सवाल्यांसाठी तीन गाद्या पडल्या.

"चार वर्षांनी सुट्टी मिळाली आणि मी कांद्याच्या गोणीला डोकं टेकून झोपू?" एव्हदोकिया म्हणाली. "ती गॅलरी मिळव, नाहीतर पुढच्या वर्षी मी आईबरोबर जाईन. तू बस अथेन्समध्ये लिफ्टा दुरुस्त करत."

म्हणजे आता नावाबरोबर बायकोही पणाला लागली.

पुढचे दोन दिवस गावात कुणी "निकितास!" म्हणून हाक मारली की दोघं दोन दारांतून धावत बाहेर. कोळ्याने हाक मारली, दोघांनी एकाच माशाची शेपटी आणि डोकं धरलं. जत्रेच्या सकाळी घरच्यांच्या आरोग्यासाठी पाद्रीबुवांकडे नावांची चिठ्ठी द्यायची असते. दोघांच्या चिठ्ठ्यांवर वरचं नाव एकच. पाद्रीबुवांनी ते एकदाच वाचलं.

"माझी चिठ्ठी वाचली त्यांनी," रोड्सचा खांबाला उद्देशून म्हणाला.

"अक्षर माझं होतं," अथेन्सचा मेणबत्तीला म्हणाला.

दोघांच्या बायका मात्र पहिल्याच संध्याकाळी एकत्र बसून टोमॅटोंत भात भरत होत्या. त्यांना कुठल्या आजोबांचं नाव चालवायचं नव्हतं. त्यांची नावं लग्नात कुणी विचारलीही नव्हती.

सोळा तारखेला दोन्ही कुटुंबं बेटावरच्या ज्वालामुखीच्या विवरात गेली, आणि तीही एकाच बसने. ड्रायव्हरने वहीत "हार्तोफिलिस" एकदाच लिहिलं होतं. खाली पिवळी जमीन, भोकाभोकांतून वाफ, कुजक्या अंड्यांचा वास. रोड्सच्या निकितासने खास जत्रेसाठी नवे सँडल घेतले होते. पोरांना ऐट दाखवायला तो इशाऱ्याची दोरी ओलांडून वाफेच्या भोकापाशी उभा राहिला आणि सँडलच्या तळव्यांचा डिंक वितळला. एक तळवा तिथेच राहिला, दुसरा चार पावलांवर. बेकरीवाला भट्टीतल्या लाहीसारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागला.

अथेन्सच्या निकितासला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्याने दोरी ओलांडली आणि भावाला पाठीवर घेतलं.

"किती रे खातोस?" सात वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"बेकरी आहे माझी. तू लिफ्टवाला ना? मग वर ने."

"नेतो. पण गॅलरी माझी."

"आजोबांचं नाव आधी माझं."

"टाकू का खाली?"

"टाक. खरा निकितास असशील तर टाकणार नाहीस."

विवराची अख्खी चढण हे असं चाललं. वर आल्यावर दोघांनाही धाप लागली होती, आणि का कुणास ठाऊक, रोड्सच्यालाच जास्त.

संध्याकाळी अंगणात सगळे एका टेबलाशी बसले. भाजलेल्या टाचा थंड पाण्याच्या घमेल्यात होत्या.

"मावशी, तुम्हीच निकाल द्या," अथेन्सचा म्हणाला. "तुम्ही आजोबांना ओळखत होता. निकितासचा खरा नातू कोण?"

मावशीने ग्लास खाली ठेवला. "कोणीच नाही."

"म्हणजे?"

"निकितास हा तुमच्या आजोबांचा थोरला भाऊ. पंधराव्या वर्षी तापाने गेला. जहाजावर जायचे कागद तयार होते त्याचे. धाकटा तेराचा, त्याला कोण घेतंय? तो मेलेल्या भावाचे कागद खिशात घालून चढला. सहा वर्षांनी परत आला तो निकितास होऊन. पुन्हा कोण कागद बदलत बसतो?"

"मग त्यांचं खरं नाव?"

"पाखोमिओस."



"पाखोमिओस?" रोड्सचा हळूच म्हणाला.

"लहानपणी आम्ही पाखोस म्हणायचो. म्हणजे लठ्ठ्या. होताही तसाच."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकदमच मावशीकडे वळले. "मावशी, हे कुणाला सांगू नका हं."

"कुणाला सांगू? अख्ख्या गावाला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही क्रूस ओढण्यात गुंतला होतात."

सेवास्ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता खुर्चीवरून घसरली. एव्हदोकियाने शांतपणे आपली उशी कोठीतून उचलून समुद्राकडच्या खोलीत नेऊन ठेवली. रोड्सच्या निकितासच्या बायकोने तिच्यासाठी गादी सरकवली. पोरं त्यांच्या मागून गेली. भावांसाठी कोठी उरली. कांद्याचा वास अंगणापर्यंत येत होता.

बऱ्याच वेळाने वरून, गॅलरीतून, एव्हदोकियाचा आवाज आला.

"पाखोमिओस, टेबल आवरून ठेव रे!"

दोघंही जागचे हलले नाहीत.

"तुला बोलावतेय," अथेन्सचा म्हणाला.

"छे. तू थोरल्याचा ना? मान तुझा."

"पण आधी जन्मलास तू."