गळतीची हवाई पाहणी

इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरचं छत गळत होतं. त्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई आणि अंथरुणाला खिळलेले तिचे सासरे राहत. ओल नेमकी सासऱ्यांच्या पलंगावर आली होती. पलंग हलवावा तर दुसऱ्या भिंतीला शिलाई मशीन, आणि घर त्या मशीनवरच चाललेलं. कौलांखालच्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, फळ्या फुगल्या होत्या, वरचा वासा डोळ्यांना दिसेल इतका वाकला होता. बाईने व्यवस्थापन समितीकडे तक्रार केली. समितीने ती नेहमीप्रमाणे गांभीर्याने घेतली, म्हणजे चहा मागवला.

"शिडी लावून कुणाला तरी कौलांवर चढवा," बाई म्हणाली. "दोन-चार कौलं सरकली असतील, बाकी काही नाही."

"आणि माणूस पडला तर जबाबदार कोण?" अध्यक्षांनी विचारलं. ते कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले होते आणि एखादी गोष्ट आपली जबाबदारी कशी नाही, हे सिद्ध करण्यात त्यांचा हातखंडा होता.

तेव्हा चिटणिसांनी ड्रोन घ्यावा असं सुचवलं. यंत्र हवेत एका जागी स्थिर राहतं, अडथळा दिसला की थांबतं आणि काम झालं की आपणहून जागेवर परत येतं, असं त्यांनी माहितीपुस्तिकेतून वाचून दाखवलं. यांपैकी एकही गुण समितीच्या कोणत्याही सदस्यात नसल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. चिटणिसांनी दुसऱ्याच दिवशी काळा चष्मा घेतला आणि त्यानंतर सगळे त्यांना कॅप्टन म्हणू लागले.

पहिलं उड्डाण यशस्वी झालं. चित्रीकरण तळमजल्यावरच्या सभागृहातल्या मोठ्या टीव्हीवर दाखवण्यात आलं. आपली इमारत वरून इतकी देखणी दिसते, हे कुणाला माहीतच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याला त्याला आपापली खिडकी सापडली आणि काहींना शेजाऱ्यांचीही सापडली.

"पण गळती?" बाईने विचारलं.

"ताई, छप्पर ठणठणीत कोरडं आहे," कॅप्टन म्हणाले. "तुमच्यासमोरच तर दिसतंय."

"आज ऊन आहे, साहेब. पाऊस पडला की गळतं."

"पावसात ड्रोन उडवता येत नाही. यंत्र खराब होतं."

यावर सभागृहात बराच वेळ विचारमंथन झालं. शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. समितीचं तक्रारदाराशी कसलंही वैर नाही. गळतीची पाहणी करायला समिती केव्हाही तयार आहे. मात्र गळतीने कोरड्या दिवशी, वारा नसताना आणि पुरेशा उजेडात हजर राहावं. हा ठराव सूचनाफलकावर लावण्यात आला.

बाई चिवट होती. तिने कपाळावर हात मारला, पण माघार घेतली नाही. "असं करा," ती म्हणाली, "उन्हातच कौलांवर पाणी ओता. मी खाली बादली धरते. कुठून येतंय ते कळेल."

"त्यासाठी कुणाला तरी वर चढावं लागेल," अध्यक्ष म्हणाले.

"मग चढलेला माणूसच बघेल की कुठलं कौल सरकलंय!"

अध्यक्षांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आणि मग ड्रोनचं काय करायचं?"

घरी जाऊन तिने सासऱ्यांच्या पलंगावर मेणकापड ताणून बांधलं आणि पाठमोरी उभी राहून थोडं रडून घेतलं. सासऱ्यांना ते कळलं. ते म्हणाले, "अगं पोरी, मी रात्रंदिवस छताकडेच तोंड करून पडलोय. कुणी मला विचारलं असतं तरी पाहणी झाली असती."

दरम्यान यंत्राच्या काही उणिवा उघड झाल्या. बॅटरी फार टिकत नसे, त्यामुळे ती कशावर खर्चायची हा प्रश्न होता आणि बहुमत खिडक्यांच्या बाजूने होतं. कोण कुणाच्या घरी दुपारी चहाला जातं आणि कुणाचं व्यायामाचं यंत्र कपडे वाळवायला वापरलं जातं, हे टीव्हीवर आलं तेव्हा मात्र हाणामारीची वेळ आली. म्हणून उड्डाणाच्या वेळी सर्वांनी दारं-खिडक्या घट्ट लावून घ्याव्यात, असा नियम झाला.

दुसरी उणीव अधिक नाजूक होती. माणसाच्या मागोमाग जाण्याची सोय तपासायला कॅप्टननी ड्रोन अध्यक्षांच्या मागे सोडला. अध्यक्ष आवारात फेरफटका मारत होते. पडद्यावर त्यांचा पाठमोरा रुबाब दिसायला हवा होता. दिसलं ते टक्कल, तेही चकचकीत आणि बराच वेळ. अध्यक्षांनी आजवर समोरच्या आरशावर विश्वास ठेवला होता. त्याच संध्याकाळी आदेश निघाला: यापुढे कोणत्याही परिस्थितीत वरून सरळ खाली चित्रीकरण होणार नाही.

नियम सगळ्यांना सारखा, त्यामुळे छपरालाही तो लागू झाला. पुढची पाहणी दुरून, तिरकस आणि मावळतीच्या उजेडात झाली. कौलं सोन्यासारखी दिसत होती. गळती आढळली नाही, असा अहवाल कॅप्टननी दिला आणि तक्रार निकाली निघाली.

त्यानंतर पाऊस लागून राहिला. तो थांबला, लख्ख ऊन पडलं आणि कॅप्टननी लगेच उड्डाण जाहीर केलं. नियमाप्रमाणे सर्वांनी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि हौशी मंडळी सभागृहात टीव्हीसमोर जमली. नेमका त्याच वेळी वासा मोडला. फळ्या, कौलं, सगळं खाली आलं आणि वासा सासऱ्यांच्या पायांवर आडवा पडला. बाईने जीव खाऊन तो उचलायचा प्रयत्न केला, पण तो एकटीने उचलण्यासारखा नव्हता. ढिगाऱ्याने दार अडलं होतं, म्हणून तिने हाका मारल्या. बंद खिडक्यांमागे कुणालाही काही ऐकू गेलं नाही.

ड्रोनने मात्र काम चोख केलं. छपराला पडलेलं भगदाड त्याला दुरूनही दिसलं.

"सापडली! गळती सापडली!" कॅप्टन ओरडले. सभागृह उठून उभं राहिलं. अध्यक्षांनी मोठ्या मनाने, या एका प्रसंगापुरती, सरळ खाली चित्रीकरणाची परवानगी दिली. ड्रोन भगदाडावर जाऊन स्थिर झाला. यंत्र घ्यायला विरोध करणारे आता कुठे आहेत, असं अध्यक्षांनी विचारलं. विरोध कुणीच केला नव्हता, पण टाळ्या पडल्या.

पडद्यावर बाई वर बघत होती. तिचं तोंड हलत होतं आणि ती दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. या यंत्रात आवाज टिपण्याची सोय नाही, ही त्याची आणखी एक उणीव. शिवाय वर त्याची स्वतःची घरघर इतकी, की तिचा आवाज जिन्यापर्यंतही पोचेना.

"बघा, किती खूश झाली!" अध्यक्ष म्हणाले. "उगाच समितीला नावं ठेवत होती."

कॅप्टननी तिथल्या तिथे त्या दृश्याला बासरीचं संगीत जोडलं आणि ते सगळीकडे पाठवून दिलं. बॅटरी संपत आली तसा ड्रोन आपणहून जागेवर परत आला.

दार ढकलून सासऱ्यांना बाहेर काढलं ते पत्ता चुकून वरच्या मजल्यावर गेलेल्या एका पार्सलवाल्याने. त्यांचे पाय वाचले नाहीत.

ते चित्रीकरण फार लोकांपर्यंत पोचलं. तुमच्याकडेही आलंच असेल: सोनेरी ऊन, लाल कौलं, बासरी आणि मधोमध हात हलवणारी एक बाई. बघून तुम्हाला प्रसन्न वाटलं होतं. तुम्ही तिला उलट हात हलवणारं चित्र पाठवलंत आणि पुढे दहा जणांना धाडून दिलंत.